मुराळ्याची मोटार

मोटारीचं नाव मी सांगणार नाही. कंपनीचं नाही, एजन्सीचं नाही, आणि त्या मॅनेजरचं तर मुळीच नाही. अमरावतीच्या दिवाणी कोर्टात जन्म घालवलेल्या माणसाला अब्रुनुकसानी कशाला म्हणतात ते चांगलं कळतं. माझी स्वतःची अब्रू या प्रकरणात अकोला ते अमरावती रस्त्यावर जागोजागी सांडली आणि ती कोणी भरून दिली नाही, ती गोष्ट वेगळी.

खरं म्हणजे मला मोटार नकोच होती. कोर्ट घरापासून इतकं जवळ, की माझा साक्षीदार उलटला तर ती बातमी माझ्याआधी घरी पोचायची. सायकल होती, छत्री होती, आणखी काय लागतं? मोटार पाहिजे होती ती आमच्या व्याह्यांना. जानराव हे अकोल्याचे कापसाचे मोठे व्यापारी. त्यांच्या धाकट्या मुलाला आम्ही आमची एकुलती एक जमुना दिली, त्रेसष्ट सालच्या वैशाखात. आता मोटार मागितली म्हणजे हुंड्यात मागितली असं समजू नका. हुंड्यात मागितली असती तर मी लग्न मोडलं असतं, निदान मोडतो असं म्हणालो तरी असतो. जानरावांनी मागितली ती दिवाळीत, आणि तीही फार प्रेमानं.

पहिल्या दिवाळीला लेकीला सासरहून आणायला कोणीतरी जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. जमुनेला भाऊ नाही, म्हणून मुराळी मीच. अनारशांचा डबा घेऊन, नवं धोतर नेसून मी अकोल्याला पोचलो. जानराव ओसरीवर तक्क्याला टेकून पान लावत होते.

"या वकीलसाहेब. कशानं आले?"

"यष्टीनं."

"अन् पोरीले कशानं नेसान?"

"यष्टीनंच की."

जानरावांनी पानाला चुना लावला, कात लावला, सुपारी टाकली, आणि मग म्हणाले, "आमच्या घरची सून यष्टीत बसत नाई, वकीलसाहेब. धक्के खात, कोंबड्यायच्या टोपल्यायमंधी? मोटार घेऊन या, अन् खुशाल घेऊन जा. मी काय नाई म्हनतो?"

डबा राहिला, जमुना राहिली, आणि मी परत निघालो. जमुना दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "बाबा, मले तर यष्टी चालते." मी म्हणालो, "मला माहीत आहे गं पोरी." तिला चालून काय उपयोग होता? तिला काय चालतं हे त्या घरात कोणी विचारत नव्हतं, आणि माझ्या घरात तरी मी कधी विचारलं होतं?

मोटार काही बाजारात जाऊन आणता येत नसे. नंबर लावावा लागे. योगायोगानं एक मोठा खटला जिंकल्याच्या धुंदीत मी फार वर्षांपूर्वी नंबर लावून ठेवला होता, जमुना तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायची. तो नंबर नेमका माघात लागला. बँकेतलं सगळं काढलं तरी पुरेना, तेव्हा सत्यभामेनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "पोरगी दारात आली का हात भरल्यासारखेच हायेत माहे," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्याच महिन्यात कळलं, जमुनेला दिवस गेलेत, पाचवा लागलाय. सत्यभामा हरखली आणि दुसऱ्या घटकेला घाबरली. जमुना लहानपणापासून अशक्त. आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, पहिलं बाळंतपण आहे, शेवटचे महिने माझ्या डोळ्यांसमोर राहू दे. जानरावांकडे तर सगळी बाळंतपणं घरच्या सुइणीच्या हातची. म्हणजे मोटारीनं एकच काम करायचं होतं. आठवा लागायच्या आत जमुनेला अकोल्याहून अमरावतीला आणायचं, कारण आठव्यात पोटुशी बाई गावाची शीव ओलांडत नाही. त्यानंतर मोटार मोडून तिच्या पत्र्याच्या बादल्या केल्या असत्या तरी माझी हरकत नव्हती.

मोटारीचा ताबा घ्यायला मी, ड्रायव्हर नत्थुजी आणि शेजारचे वामनराव असे तिघं अकोल्याला गेलो. नत्थुजींनी आयुष्यभर कापसाचा ट्रक हाकलेला. त्यांना मोटारीशी शिव्या देऊन बोलायची सवय होती. वामनराव हे बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. सरकारी जीपमध्ये मागच्या बाकावर बसून बसून त्यांना यंत्रशास्त्र आलं होतं. मोटार हिरवी होती, सुंदर होती, हे मी नाकारत नाही. ती तशीच जानरावांच्या दारात नेली. म्हटलं, लगेच घेऊन जातो लेकीला.

जानरावांनी काठीनं बंपरवर टकटक केलं. "पूजा झाली काय?"

"आत्ताच तर ताबा घेतला, पूजा कुठून होणार?"

"अरे बाप्पा! बिनापूजेच्या गाडीत सून बसवू काय मी? अंबादेवीले न्या, नारळ फोडा, मंग या."

वरच्या खिडकीत जमुना उभी होती. तिनं हात केला. मीही केला, आणि निघालो.

बोरगावच्या पुढे मोटारीचा तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. नत्थुजी एका हातानं चाक धरत, दुसऱ्यानं गिअर धरत, आणि तोंडानं गिअर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत. मूर्तिजापूरला इंजिन बंदच पडलं. शेवटी शेंदूरजनाघाटला परत जाणाऱ्या एका संत्र्यांच्या रिकाम्या ट्रकला दोरी बांधून आमची वरात अमरावतीत आली. गल्लीतले पोट्टे म्हणाले, "वकिलानं ट्रक घेतला अन् त्याच्यावर मोटार फुकट भेटली." मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही, पण कोणाची पोरं होती ते पाहून ठेवलं.

पूजा मात्र थाटात झाली. मोटार ढकलत देवळापर्यंत नेली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. सत्यभामेनं तर मोटारीची खणानारळानं ओटी भरली. "माह्या लेकीले आनाले जानार हाये थे," म्हणून. वामनरावांनी बंपरवर नारळ असा हाणला, की नारळ अभंग राहिला आणि बंपरला पोचा आला. दुसरा नारळ आणला. त्याचा दुसरा पोचा. तिसरा मी पायरीवर फोडला.

मग सुरू झाल्या एजन्सीच्या अमरावतीतल्या गॅरेजच्या वाऱ्या. मॅनेजर अकोल्याहून दर आठवड्याला तिथे यायचा; होता पुण्याकडचा. इतकं गोड बोलायचा, की बाहेर पडल्यावर लक्षात यायचं, काही मिळालं नाही. "अहो वकीलसाहेब, नवी गाडी आहे. थोडा अवधी द्या. रुळेल हळूहळू." माल मुंबईहून यायचा होता. मग माल आला, पण चुकून दुसऱ्या गाडीचा आला. मग मिस्त्री लग्नाला गेला. कोणाच्या? विचारलं तर म्हणे स्वतःच्या.

गिअर दुरुस्त झाला तर उजवीकडे वळताना डावं दार उघडायला लागलं. दार दुरुस्त झालं तर डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायला लागला, आणि वाजला की थांबेना. थोडक्यात, अकोल्याचा रस्ता नाकासमोर सरळ असता तर आमची मोटार उत्तम होती. तक्रार लिहून दिली तर मॅनेजर बंपर पाहत म्हणाला, "हे पोचे कसले? नारळ? अहो, बंपरवर नारळ फोडलात, त्याचा हादरा आत बसला असणार. नारळ गॅरंटीत येत नाही हो." तुम्हीच सांगा, बंपरवर नारळ फोडला म्हणून हॉर्न डावीकडेच का वाजावा? मी हा मुद्दा त्याच्यापुढे इतक्या तपशिलात मांडला, की त्यानं मला दोनदा चहा पाजला, आणि हॉर्न तसाच ठेवून मला परत पाठवलं.

इकडे गल्लीत सल्ल्यांचा पाऊस. वामनराव म्हणाले, रेडिएटरमध्ये ताक घाला, कलेक्टरच्या जीपमध्ये घालत असत. नत्थुजी म्हणाले, लिंबं बदला. समोरच्या जाईबाई म्हणाल्या, गाडी पोटुशीला आणायला जाणार म्हणून रुसली असेल, तिलाही काही गोडधोड द्या. सत्यभामा फक्त माळावरचा पाळणा काढून पुसत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "मंग कवा जाता?"

फाल्गुनात निघालो. बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकात, नेमकी रुळांवर, मोटार बसली. फाटकवाला दोन्ही हात डोक्यावर ठेवून नाचायला लागला. आम्ही ढकलून ती बाजूला काढली, तोवर फाटकापाशी अकोल्याची यष्टी येऊन थांबली होती. खिडकीतून माझा एक जुना अशील ओरडला, "वकीलसाहेब, या ना, जागा हाये! अकोल्यालेच चालली!"

आणि मी काय म्हणालो? "नको रे बाबा. माझी मोटार आहे."

यष्टी गेली. तिच्या मागच्या बाकावर जागा खरंच रिकामी होती, मला दिसली. मी कपडे झटकले आणि टांगा शोधायला लागलो.

चैत्रात सातवा लागला. मॅनेजरनं शपथ घेऊन सांगितलं, आता गाडी अगदी ठणठणीत आहे. आणि नवल म्हणजे आम्ही खरोखर अकोल्याला पोचलो. तिसरा गिअर सुटला नाही, दार उघडलं नाही. हॉर्न वाजला तो वळणावळणावर थोडाथोडा, पण आपणहून थांबलाही. जानरावांच्या दारात अख्खी गल्ली जमली. विहीणबाईंनी जमुनेची तांदूळ-नारळानं ओटी भरली. जमुना हिरव्या लुगड्यात सावकाश पायऱ्या उतरली आणि मागच्या सीटवर बसली. तिचा हात मी हातात घेतला. गार होता. "आई काय करून राहिली, बाबा?" तिनं विचारलं. "तुझी वाट पाहून राहिली," मी म्हणालो.

नत्थुजींनी गाडी सुरू केली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. हॉर्न सुरू झाला आणि इंजिन थांबलं. हॉर्न काही थांबेना. लोक जमले, हसले. पोट्ट्यांनी ढकललं, तर दोन हात पुढे गेली आणि पुन्हा बसली. हॉर्न चालूच. जमुनासुद्धा हसायला लागली. पोट धरून म्हणाली, "बाबा, हिलेही डोहाळे लागले काय?" त्या गोंधळात मीसुद्धा हसलो. ती लहानपणी तशीच हसायची. एकदा सुरू झाली की आवरायची नाही.

मग जानराव काठी टेकत आले. ते हसत नव्हते. त्यांनी दार उघडलं.

"उतर पोरी. निघतानीच असा अपशकुन. या गाडीत माहा नातू जानार नाई."

जमुनेचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वकील माणूस हो! हायकोर्टाच्या जजापुढे मी तासन्‌तास बोललो आहे. यष्टीनं नेतो, बैलगाडीनं नेतो, खांद्यावर नेतो, असं काहीही म्हणता आलं असतं. पण गल्ली पाहत होती, हॉर्न बोंबलत होता, आणि मी नत्थुजींना हॉर्न बंद करायला सांगत बसलो. ती उतरली. ओटीतले थोडे तांदूळ सीटवर सांडले. नारळ छातीशी धरून ती सासूच्या मागे चालत गेली, एकदाही मागे न पाहता.

ती मोटार मी तशीच, हॉर्न वाजत असताना, लोकांकडून ढकलवत एजन्सीत नेली आणि किल्ली मॅनेजरच्या टेबलावर टाकली.

"ही घ्या. मला ही मोटार नको."

"अहो, पण घेतलेली गाडी परत घ्यायची पद्धत नाही."

"मी ती घेतलेलीच नाही. जे काम सांगून माल घेतला ते काम तो करत नसेल, तर तो नाकारायचा मला हक्क आहे. कायदा काढा."

मॅनेजर गोड हसला. "वकीलसाहेब, कुंकू लावलंत ना? नारळ फोडलात ना? म्हणजे गाडी आपली मानलीत. परक्याच्या मालाची कोणी पूजा करतं का?"

खरं सांगतो, मुद्दा बिनतोड होता. वेगळ्या दिवशी मी त्याला दाद दिली असती. त्या दिवशी मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली, शाईची दौत सांडली आणि माझ्या नव्या धोतरावर ती सगळी शाई आली. त्या अवतारात मी यष्टी स्टँडवर गेलो. यष्टी वेळेवर सुटली. शेजारची जागा अमरावतीपर्यंत रिकामी होती.

नोटिसांवर नोटिसा गेल्या. कंपनीच्या वकिलानं उत्तर दिलं, नारळ फोडणे हे मालकीचे कृत्य होय. मी उत्तर दिलं, नारळ देवीला फोडला, मोटारीला नव्हे. बार रूममध्ये या वादाची इतकी चर्चा झाली, की लोक आपले खटले विसरले. तेवढ्यात आठवा लागला. सत्यभामा म्हणाली, "मी तिथं जाऊन राहतो." पण कशी राहणार? लेकीच्या घरचं पाणी नातवंड होईपर्यंत आईबापांनी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि जानरावांनी बोलावलंही नाही.

आषाढात तार आली. आम्ही दोघं यष्टीनं गेलो. मुलगा झाला होता, तो रडलाच नाही. जमुना भिंतीकडे तोंड करून निजली होती. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. सत्यभामेनं पाणी घेतलं नाही. आता आग्रहही कोणी केला नाही. ओसरीवर जानराव पान न लावता बसले होते. त्यांच्या काठीला हात लागून ती खाली पडली, तरी त्यांनी उचलली नाही.

महिनाभरानं त्यांनीच निरोप धाडला, सुनेला थोडे दिवस माहेरी न्या. मी गेलो. कशानं आले, असं कोणी विचारलं नाही. जानराव स्वतः स्टँडवर आले, खिडकीजवळची जागा धरली, सुनेची वळकटी आपल्या हातानं वर ठेवली. यष्टी निघाली. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. कोणाच्या तरी टोपलीतल्या कोंबड्या कुरकुरत होत्या. बडनेऱ्याचं फाटकही उघडं मिळालं. तेव्हा कुठे जमुना पहिल्यांदा बोलली.

"बाबा, चांगली चालते की ही यष्टी."

मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. तिनं पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जणू मीच आजारी होतो.

पोरगी घरी राहिली. जावई दर रविवारी यष्टीनं यायचे, बापाला न सांगता. तिच्याजवळ बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचे. माणूस चांगला होता.

भाद्रपदात एक दिवस गल्लीत हॉर्न वाजला. एकदाच, आणि थांबला. कंपनी हरली होती, की कंटाळली होती, कोण जाणे. जुनीच्या बदल्यात नवी कोरी हिरवी मोटार घेऊन मॅनेजर स्वतः आला होता, वर झेंडूचा हार. चाकावर त्यानं बोलावून घेतलेले नत्थुजी. वामनराव बनियनवर धावत आले. जाईबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. जमुना ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आणि कोणाला काही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसली.

"नत्थुजी, त्या कोपऱ्यापर्यंत न्या."

मोटार कोपऱ्यापर्यंत गेली. डावीकडे वळली. हॉर्न वाजला नाही. देवळाला वळसा घालून मुकाट परत आली. जमुना उतरली. सीटवर हात फिरवला, काही सांडलंय का पाहावं तसा.

"चालते, बाबा," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली. आतून सत्यभामेचा हुंदका ऐकू आला.

मी नत्थुजींकडून किल्ली घेतली आणि मॅनेजरच्या हातात दिली. "घेऊन जा."

"अहो, म्हणजे?" त्याचा गोडवा प्रथमच सुटला. "आता हिच्यात काय खराबी आहे?"

"काहीच नाही."

"मग परत घेण्याचं कारण काय लिहू मी?"

"लिहा, उशिरा आली."

त्यानं किल्ली खिशात टाकली. मग हळू आवाजात, खरंच हळू आवाजात म्हणाला, "वकीलसाहेब, उशीर खराबीत धरत नाहीत हो."

मोटार गेल्यावर मी घरातली कायद्याची सगळी पुस्तकं काढून पाहिली. त्याचं बरोबर होतं.